वाईट वर्ष सांगायचं कसं

टिबेट्स बंदराच्या धक्क्यावर "काय, मिळालं का आज?" असं कुणी विचारलं, तर खरं सांगायचं नसतं. भरपूर मिळालं असेल तर तोंड पाडायचं, म्हणजे आपली जागा कुणाला कळत नाही. काहीच मिळालं नसेल तर शीळ घालत पिंजरे धुवायचे, म्हणजे कुणी आपली कीव करत नाही. हॉलिस बील यात सगळ्यांचा गुरू. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर तीस वर्षं पिंजरे टाकून शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, धरतोय, पण त्याच्या तोंडून एक खरा आकडा बाहेर पडला असेल तर शपथ!

त्याची मुलगी कॉरिना बापासारखीच खमकी. तिला जहाजं बांधायला शिकायचं होतं आणि कॉलेजने तिला घेतलंही होतं. एप्रिलमध्ये पत्र आलं: शिष्यवृत्ती वगैरे सगळी मदत वजा जाता तुमच्या कुटुंबाने वर्षाला एकोणतीस हजार डॉलर भरावेत, अशी अपेक्षा आहे.

"अपेक्षा?" हॉलिस कडाडला. "माझीही अपेक्षा आहे, यांनी येऊन माझ्या बोटीत डिझेल भरावं!"

"ओरडू नकोस, ऐक," कॉरिना म्हणाली. "ते गेल्याच्या आधलं वर्ष बघतात. तेव्हा शेवंडीला भाव होता, तू नवं इंजिन घेतलंस, आठवतंय ना? कागदावर आपण अजून त्याच वर्षात आहोत. श्रीमंत!"

"आणि गेलं वर्ष?"

"ते आपण होऊन सांगावं लागतं. सांगितलं की ते पुन्हा हिशेब करतात. मी तसा अर्ज केलाय, व्यापाऱ्याच्या पावत्याही पाठवल्यात. आता कॉलेजच्या मदत कचेरीतल्या थेरिओ बाई तुला फोन करतील. फक्त खरं बोल, बाबा."

"मी काय खोटं बोलतो होय?"

कॉरिना नुसती हसली. आकडे तिच्या बाजूचे होते, तेव्हा काळजी करण्यासारखं काही नाही, असं तिला वाटत होतं.

फोन आला तो नेमका हॉलिस धक्क्यावर असताना. कॉलेजला हो की नाही कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. हॉलिसचे दोन्ही हात आमिषाच्या मासळीत कोपरापर्यंत बुडालेले, म्हणून त्याने बोटाच्या टोकाने स्पीकर चालू केला. शेजारी मर्टन अ‍ॅली दोर गुंडाळत बसला होता. शाळेत एका बाकावर बसलेले हे दोघे, आणि तेव्हापासून एकमेकांच्या पुढे जायची खुमखुमी.

"बील साहेब, गेलं वर्ष कसं गेलं तुम्हाला?" थेरिओ बाईंनी विचारलं.

मर्टनचे हात थांबले. झालं! हॉलिसची जीभ तीस वर्षांच्या सवयीने सुटली.

"एकदम झकास, बाई! पिंजरे उचलून उचलून कंबरडं मोडलं."

"पण पावत्यांवर तर कमाई निम्मीच दिसतेय. मुलीने अर्जातही..."

"पोरगी घाबरट आहे हो!"

"बरं," बाई गोंधळून म्हणाल्या. "मग जुना आकडाच कायम ठेवते." फोन बंद झाला.

कॉरिना शाळेतून थेट धक्क्यावर आली होती आणि बापाच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मर्टनकाकापुढे नाक वर राहावं म्हणून माझं कॉलेज घालवलंस, बाबा."

हॉलिसला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "घरी जाऊन करतो ना फोन," तो पुटपुटला.

"कचेरी आत्ता बंद होईल आणि वाटेत रेंज नसते. आत्ता कर. इथेच."

भर वादळात एकटा बोट काढणारा हा माणूस, पण त्या क्षणी त्याने मर्टनकडे बघायचं टाळलं. त्याने पँटला हात पुसले. "लाव," तो म्हणाला.

"बाई, मघाशी मी थापा मारल्या," बाईंनी फोन उचलताच तो भडाभडा बोलू लागला. "निम्मंच मिळालं गेल्या वर्षी. आमिषाचा खर्चसुद्धा सुटला नाही. इंजिनाचे हप्ते थकलेत. हिवाळाभर लोकांच्या अंगणातला बर्फ उपसून घर चालवलंय मी. इथं सांगत होतो, व्यायाम म्हणून करतो!"

धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला काम करणारे चारपाच जण हातातलं टाकून बघू लागले.

"हे तुमचं एकट्याचं, की साऱ्या बंदराचं?" बाईंनी विचारलं.

हॉलिसला माहीतच नव्हतं. कसं असणार? तो मर्टनकडे वळला.

"माझं त्याच्याहून कमी," मर्टन हळूच म्हणाला.

बाईंनी कागद चाळले. पावत्या जुळतायत, त्या म्हणाल्या, आता तुमचा वाटा नऊ हजारांच्या आसपास येईल, नवं पत्र सकाळी पाठवते. कॉरिनाने बापाच्या त्या घाणेरड्या, मासळीने बरबटलेल्या जॅकेटलाच मिठी मारली.

"बाई, फोन ठेवू नका!" मर्टन उठून उभा राहिला होता. "तुमचंच पत्र माझ्या पोरालाही, वेसलीला, आलं होतं. एवढाच आकडा. मी त्याला म्हटलं, नाही रे जमणार आपल्याला. पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी बोटीत जाऊन बसलं हो! असं पुन्हा विचारता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही नाही म्हणून कळवलंय का?"

"नाही. हिंमतच झाली नाही."

"मग उद्यापर्यंत मुदत आहे, साहेब. पावत्या आज रात्री पाठवा. गेल्या वर्षी किती मिळालं, तेवढं मात्र आत्ता सांगा."

पलीकडची माणसं आता जवळ आली होती. मर्टनने डोक्यावरची टोपी काढली, बोटीत आमिष भरणाऱ्या आपल्या पोराकडे पाहिलं, आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आकडा सांगितला.