ओली गोणपाटं

बारा वाजता वीज गेली आणि वांगणीजवळच्या त्या शेडमधले दोन्ही पंखे थांबले. दीडला राणीने तोंड उघडून धापा टाकायला सुरुवात केली, तशी अंजनी तिच्याजवळ धावली.

राणी ही त्यांची गाभण डुकरीण. पिलं व्हायला चार दिवस होते. डुकराला घाम नीट येत नाही. अंगातली आग त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. अंजनीने मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि राणीच्या बरगड्या किती वेळा हलतात ते मोजलं. शहाण्णव. सकाळी चाळीस होते.

काय चुकलं तेच तिला कळेना. माहेरी उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट लावत, खोली गार होई. तिनेही सकाळी शेडच्या चारही बाजू गोणपाटांनी बंद केल्या होत्या, तासातासाला त्यांवर पाणी मारलं होतं.

तिचा नवरा कैलास बदलापूरहून बर्फ घेऊन आला. बादलीत फोडून त्याने ती उचलली.

"हो बाजूला. ओततो अंगावर."

"खबरदार! मागच्या मे महिन्यात अशीच एक घालवलीत. बादली संपायच्या आत आडवी झाली ती."

"मग काय, आरती करू हिची?"

अंजनी हसली नाही. पिंपातलं साधं पाणी आणायला ती बाहेर गेली. उन्हाने डोळे दिपले, पण श्वास मोकळा लागला. परत आत शिरली तर छाती दडपली. तिने वर पाहिलं. एरवी सतत हलणारं वाशावरचं कोळ्याचं जाळं अगदी स्थिर होतं.

"अहो, गोणपाटं काढा! आपणच हिचा वारा कोंडलाय!"

दोघांनी ती ओरबाडून काढली. वारा आला, गरम होता, पण वाहता. एक गोणपाट भिजवून तिने राणीच्या पुढ्यात अंथरलं, मानेवर तांब्याने बारीक धार धरली. राणी त्या गोणपाटावर कलंडली. अंजनीने तिच्या पोटावर तळवा टेकवला. मेली की काय?

बरगडी हलली.

"किती?" कैलासने विचारलं.

तिने बोट वर करून त्याला गप्प केलं. मिनिट पुरं होऊ दिलं.

"ब्याऐंशी."

तिच्या तळव्याखाली, राणीच्या पोटात, काहीतरी हललं. दोन वाजले होते. ऊन उतरायला अजून तीन तास होते. अंजनीने पुन्हा एक मिनिट लावलं.