तपासणीचा दिवस

थोरलीने चहाचे कप बाजूला सारले, टेबलावर कॅलेंडर पसरलं आणि बोटाने अकरा महिने पुढे मोजत गेली. "तिन्ही घोड्या या पंधरवड्यात भरवल्या, तर पुढच्या हंगामाला तीन शिंगरं. पाठोपाठ. काय गं?"

धाकटी नुसतं "हं" म्हणाली.

वडिलांच्या माघारी दोघी बहिणी वीस वर्षं हा तबेला चालवत होत्या. थोरलीने डोकं चालवायचं, धाकटीने हात, ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. पडून गेली होती. घोडी व्यायला झाली की तबेल्यात खाट टाकून आठवडेच्या आठवडे जागायची ती धाकटी. गेल्या वर्षी आडवं आलेलं शिंगरू ओढताना तिचा खांदा निखळला. अजून त्या हाताने तिला केस विंचरता येत नव्हते. शिंगरू वाचलं, हे मात्र थोरली येईल त्याला कौतुकाने सांगायची.

तरी नाही म्हणणं धाकटीच्या जिवावर आलं होतं. तिची सगळी भिस्त जनावरांच्या डॉक्टरांवर होती. तिघींतली म्हातारी घोडी अठरा वर्षांची. तिला तरी डॉक्टर आता पुरे म्हणतील, तेवढाच एक भार कमी.

डॉक्टर दहाला आले. कोपरापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी एकेक घोडी तपासली. "काजळी उद्या घोड्याकडे न्या. तांबडीला आठवडा आहे. आणि या म्हातारीला काय धाड भरलीय! तरण्या घोड्यांना लाजवील. खुशाल भरवा."

थोरली हरखली. धाकटीने म्हातारीच्या मानेवर कपाळ टेकलं.

"तिला काही झालं नाही, ताई. मला झालंय."

"तुला काय झालंय?"

"दमलेय. तिघींमागे जागायचं माझ्याच्याने होणार नाही. एक करीन."

डॉक्टर धुतलेले हात पुन्हा धुवायला लागले.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"सकाळी 'काय गं' म्हटलं नाही का?"

थोरलीने तिथेच नर घोड्याच्या मालकाला फोन लावला. "उद्या एकच आणतोय. काजळी. नाही, बाकीच्या नाही. का ते विचारू नका."

दुसऱ्या दिवशी काजळीला मागे चढवून थोरली गाडी चालवायला बसली, धाकटी शेजारी. तिथलं काम पाव तासात उरकलं. परतताना अर्ध्या वाटेवर थोरलीने घसा खाकरला.

"एक दिवसाआड मी जागेन."

"तू? तुला बसल्या जागी डुलकी लागते."

"मग दोघी झोपू. घोडी घेईल आपलं बघून."

धाकटीला किती दिवसांनी हसू आलं. थोरली आता तारखा सांगू लागली होती, कुणी कधी जागायचं त्याच्या. धाकटीने खिडकीला डोकं टेकलं, आणि दुसरी तारीख ऐकायच्या आत तिला झोप लागली.