दोनशे बारा झाडांना पाणी

रस्ता रुंद करण्यासाठी शहरातली दोनशे बारा झाडं मुळासकट उपटली आणि बाहेरच्या माळावर नेऊन पुन्हा लावली. झाडं तोडली असं कुणी म्हणू नये म्हणून हा सगळा खटाटोप. फांद्या छाटलेल्या, मुळं तासलेल्या त्या झाडांना तीन वर्षं रोज पाणी घालावं असा कोर्टाचा हुकूम होता, आणि त्यासाठी टँकरवर तिला नेमलं होतं. दुसऱ्या महिन्यातच झाडं वाळून कोळ झाली. पण मेलेल्या झाडाला पाणी घालू नये, असं हुकमात कुठं लिहिलेलं नव्हतं. हुकमाला अक्कल विचारायची नसते, म्हणून ती घालत राहिली. त्याला आता पंधरा महिने झाले होते.

सुरुवातीला तिला वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं. बुंध्याशी पाइप धरायचा, साठपर्यंत मोजायचं, पुढं सरकायचं. दर शुक्रवारी एक तक्ता भरायचा. झाडाचा नंबर आणि समोर तीन रकाने: जिवंत, शंकास्पद, मृत. झाडं मेल्याचं तिनं एकदा मुकादमाला सांगितलं होतं. त्यानं मान वर न करता विचारलं, तू काय डॉक्टर आहेस का? तेव्हापासून चहाला उकळी येईपर्यंत तिच्या दोनशे बारा खुणा करून व्हायच्या, सगळ्या पहिल्या रकान्यात, पट्टी लावल्यासारख्या सरळ.

घरी मात्र विषय सत्तेचाळीस नंबरच्या झाडाचा असायचा. तो शिरीष तिच्या सासऱ्यांनी लावलेला, मुलगा झाला त्या वर्षी. त्याच्या सावलीत त्यांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. खोडात एक खिळा ठोकून त्यावर ट्यूब टांगायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माळावर जाणं काही जमलं नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायचे, आपलं झाड कसं आहे? पालवी फुटलीय, असं ती एकदा म्हणाली आणि फसली. पुढं फांदी आली, शेंगा आल्या, गेल्या महिन्यात तर घरटंसुद्धा झालं. खोट्याचं झाड भराभर वाढतं, त्याला पाणीही लागत नाही.

गुरुवारी मुकादम खुशीत होता. नदीकाठच्या रस्त्यावरची सहाशे चाळीस झाडंही आता हलवायची होती. तिच्या तक्त्यांवरून झाडं शंभर टक्के जगतात असं सिद्ध झालं होतं. उद्याचा तक्ता कोर्टात पोचला की सोमवारी क्रेन निघणार, आणि तिची नोकरी आणखी तीन वर्षं पक्की. ती बरं म्हणाली. आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. तिनं डबा उघडला आणि जेवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती किल्ली घेऊन घराबाहेर आली, तर सासरे टँकरच्या केबिनमध्ये बसलेले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, दुसऱ्याची पट्टी कालच निघालेली, अंगात धुतलेला सदरा. नको म्हणायला तिला एकही सबब सुचली नाही. खरं तर तिनं शोधलीही नाही.

माळावर उतरल्यावर ते खिळ्यावरून झाड ओळखून त्यापाशी पोचले. अंगठ्याच्या नखानं खोड खरवडलं. सालीचा तुकडा हातात आला. त्यांनी तो हुंगला आणि खिशात ठेवला.

"कधी?"

"दुसऱ्या महिन्यात."

ते टँकरच्या पायरीवर बसले. काम ते काम, म्हणून तिनं सत्तेचाळीसला पाणी घातलं, साठ मोजले. मग अठ्ठेचाळीसला, मग एकोणपन्नासला. ते बघत होते.

"घरटं झालंय म्हणालीस ते माझ्यासाठी, ते समजलं," ते म्हणाले. "कागदावर काय लिहितेस?"

"जिवंत."

"ते कुणासाठी?"

तिनं पाइप पन्नासच्या बुंध्याशी नेला. मग तिनं नदीकाठच्या सहाशे चाळीस झाडांचंही सांगून टाकलं, वाणसामानाची यादी वाचावी तशा आवाजात. त्यांनी खिशातला सालीचा तुकडा काढून बोटांत फिरवला.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं," ते म्हणाले. "काळ सोकावतो."

तिनं पाइप खाली ठेवला आणि तक्ता काढला. सत्तेचाळीससमोर तिसऱ्या रकान्यात खूण केली. पण मग अठ्ठेचाळीस? ती एक नंबरपासून निघाली. प्रत्येक झाडापाशी जायचं, नखानं खरवडायचं, बघायचं, मगच लिहायचं. मृत. मृत. मृत. नखात नुसती धूळ भरत होती, आणि तरीही तिला काही वाटत नव्हतं.

एकशे एकतीसची साल निघाली आणि खाली हिरवं दिसलं. तिनं पुन्हा खरवडलं. ओलं, हिरवंगार. पंधरा महिने ती या झाडासमोर जिवंत असं लिहीत होती आणि एकदाही तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

दोनशे अकरा मृत, एक जिवंत असा तक्ता घेऊन दुपारी ती स्वतःच कोर्टाच्या खिडकीवर गेली. कारकुनानं न वाचताच शिक्का मारला. मुकादमानं मात्र तिच्याकडची नक्कल नीट वाचली, दोनदा, आणि टँकरची किल्ली मागून घेतली. क्रेन थांबेल की नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी सासऱ्यांनी सवयीनं झाडाचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"एकशे एकतीस जिवंत आहे," ती म्हणाली. "खरंच." तिनं अंगठा पुढं केला. त्यांनी तो उजेडात धरून नखातलं हिरवं नीट पाहिलं.

"उद्या त्याला पाणी कोण घालणार?"

हा विचार तिनं केलाच नव्हता. दाराशी टेकवलेल्या जुन्या सायकलीकडे तिची नजर गेली.

"बाबा, सायकलीच्या कॅरियरवर दोन कॅन बसतील?"

"बसतील," ते म्हणाले, आणि बांधायला जुनी ट्यूब शोधू लागले.