खोटं ‘धरलं’

जुन्या फर्निचरच्या त्या गोदामात दुपारी तीन वाजता जो माणूस शिरला, त्याला बघून कुणीही आधी दार लावून घेतलं असतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, नाकाखाली वाळलेलं रक्त, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, त्यातूनही अंगठा बाहेर डोकावतोय. त्यात उंची अशी, की आत येताना वाकायचं राहिलं आणि दाराची चौकट नेमकी टेंगळावर बसली.

“आई गं!” तो ओरडला. “वाचवा हो! माझ्या मित्राला कोंडून ठेवलंय!”

गोदामाच्या मालकीणबाई टेबलाशी बसून पावत्या लावत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कुणी कोंडलंय?”

“तुम्हीच!”

आता तुम्हीच सांगा, मदत मागायला आलेल्या माणसाने असं बोलायचं असतं का? पण शिडीची ही जुनी खोड. त्याला सगळे शिडीच म्हणत, आणि हा शिडी नेहमी खरं तेच बोले, फक्त चुकीच्या टोकाकडून सुरुवात करी. मालकीणबाईंनी हळूच लोखंडी पट्टी हातात घेतली. मागे एका खुर्चीच्या पायाला पॉलिश मारत बसलेले काका उठून उभे राहिले, ते ब्रशासकट.

“बाहेर व्हा,” मालकीणबाई म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात एक जण असाच डोक्याला पट्टी बांधून आला. आजीची कवळी टेबलाच्या खणात राहिली म्हणाला, ढसाढसा रडला, आणि खण घेऊन पसार झाला. हे बघा!” त्यांनी हातातलं पेन सवयीने खणात टाकलं. खण नव्हताच. पेन खाली पडलं आणि त्यांचा पारा वर चढला.

“बाई, मला खण नको, गट्टू हवाय,” शिडी हात जोडून म्हणाला. मग तो मटकन खाली बसला आणि त्याने या वेळी पहिल्यापासून सांगायला घेतलं.

गट्टू आणि तो, दोघं हमाल. चौदा वर्षांची जोडी. आज सकाळपासून एका बंद पडलेल्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून लाकडी कपाटं खाली आणत होते. एकूण नऊ, सगळी एकसारखी, दार आपटलं की आपोआप कुलूप बसणारी. आठ नीट उतरली. नववं शेवटच्या जिन्यावरून घसरलं. घसरता घसरता त्याचं दार उघडलं, खालच्या बाजूला असलेला गट्टू आत गेला, दार आपटलं, खटका बसला आणि कपाट गट्टूला पोटात घेऊन जिन्याच्या तळाशी जाऊन उभं राहिलं. मागोमाग शिडी गडगडत आला आणि त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले ते चमकले, पुढचं त्याला आठवत नव्हतं. शुद्धीवर आला तेव्हा कपाट नाही, ट्रक नाही, आणि डावा बूटही नाही. ट्रकवाल्यांनी माल खाली आलेला बघितला आणि चढवून नेला. जिन्यात पडलेल्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. माल या गोदामात यायचा एवढं शिडीला ठाऊक होतं, म्हणून तो तसाच धावत इकडे आला.

“फोन करा की मित्राला,” काका म्हणाले.

शिडीने खिशातून दोन फोन काढले. “काम करताना दोन्ही माझ्याकडेच असतात.”

मालकीणबाईंनी बोटाने मागची भिंत दाखवली. तिथे नऊ तपकिरी कपाटं ओळीने उभी होती, शाळेतल्या पोरांना शिक्षा केल्यासारखी. “यातल्या एकात तुमचा मित्र आहे म्हणता? मग मारू दे त्याला हाक.”

शिडी धावला. “गट्टू! ए गट्ट्या!” एकेका कपाटावर थापा मारत तो ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. “अरे, मी आलोय! ओ दे की रे!”

गोदाम चिडीचूप. फक्त मालकीणबाईंच्या चपलेचा टक टक आवाज येत होता, आणि तो काही मायेचा नव्हता.

“ओ का देत नाही तो?”

“रुसलाय,” शिडी म्हणाला.

“काय?”

“माझ्यावर रुसलाय. मी बेशुद्ध व्हायच्या आधी आतून ओरडला, ‘आजपासून तुझ्याशी बोललो तर नावाचा गट्टू नाही!’ फार मानी आहे हो तो. एकदा मी त्याच्या डब्यातलं संपवलं तर अकरा दिवस बोलला नव्हता.”

“म्हणजे माणूस कपाटात कोंडलाय, जीव जायची वेळ आलीय, आणि तो रुसून बसलाय?” मालकीणबाईंनी काकांकडे बघितलं. “यापेक्षा कवळीवाला बरा होता. त्याने निदान पटेल असं तरी सांगितलं.”

शिडी कसनुसं हसला. पण खरं सांगायचं तर, रुसलाय, रुसलाय असं तो या लोकांना सांगत होता तेवढंच स्वतःलाही सांगत होता. कारण गट्टू रुसला नसेल, तर मग तो गप्प का आहे? त्या घट्ट कपाटात हवा किती असणार? त्यालाही लागलं असेल तर?

“उघडा हो नऊच्या नऊ,” तो काकुळतीला आला. “पाया पडतो.”

“किल्ल्या गिऱ्हाइकाकडे गेल्यात. चार वाजता त्यांची लॉरी येईल आणि माल परगावी जाईल. ओरखडासुद्धा चालणार नाही म्हणून बजावलंय त्यांनी. कुलपं फोडायची आणि आत निघणार काय, तर झुरळ!”

“परगावी?” शिडीच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

काका मात्र मघापासून शिडीच्या मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत होते. का कोण जाणे, पण खोटं बोलणाऱ्या माणसाचा अंगठा असा दिसत नाही असं त्यांना वाटलं असावं. “बाई,” ते म्हणाले, “फोडायचं कशाला? उचलून बघू. ज्यात माणूस, ते जड.”

“जरासंच उचला,” मालकीणबाई नाइलाजाने म्हणाल्या. “आणि तुम्ही, ओ लंबू, तुमचे हात मला सारखे दिसले पाहिजेत.”

काकांनी पहिल्या कपाटाची एक बाजू पकडली, शिडीने दुसरी. शिडीचं डावं मनगट सुजून टम्म झालं होतं, तरी त्याने दात ओठ खाऊन हात घातला आणि चौदा वर्षांच्या सवयीने विचारलं, “धरलं?”

“काय धरलं?” काका म्हणाले.

“असं नाही. मी ‘धरलं?’ विचारलं की तुम्ही ‘धरलं!’ म्हणायचं. दहाही बोटं लागल्यावरच म्हणायचं. त्याशिवाय उचलायचं नाही.”

“बरं बरं. धरलं.”

पहिलं हलकं. दुसरं हलकं. तिसऱ्याला काका “हो हो” म्हणाले आणि शिडीने त्यांना पुन्हा नीट म्हणायला लावलं. चौथं हलकं. पाचव्याला काका घाम पुसायला मागे सरकले होते, ते शिडीला दिसलं नाही. तो वाकला, हात घातला आणि ओरडला, “धरलं?”

“धरलं!”

काकांच्या हातात रुमाल होता. मालकीणबाईंच्या हातात पट्टी होती. दोघांचीही तोंडं बंद होती.

“कोण बोललं?” मालकीणबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

कपाटाच्या आतून कुणीतरी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. मग बारीकसा, “च्यायला!”

शिडी त्या कपाटाला मिठीच मारून रडायला लागला. “जिवंत आहे! बाई, माझा गट्टू जिवंत आहे!” आणि मालकीणबाई, ज्या ओरखडासुद्धा चालणार नाही म्हणत होत्या, त्या काकांवर डाफरल्या, “बघत काय उभे राहिलात? फोडा की मागची फळी!”

काकांनी मागची फळी उचकटली. आत गुडघे पोटाशी घेऊन गट्टू बसला होता, घामाने निथळत, पण धडधाकट. मांडीवर शिडीचा डावा बूट, दार आपटायच्या आधी आत उडून आलेला. तो बाहेर आला, शिडीकडे ढुंकून न बघता काकांसमोर जाऊन उभा राहिला.

“या माणसाला सांगा,” तो म्हणाला, “हा त्याचा बूट.”

“अहो, पण ट्रकवाल्यांना तरी हाक मारायची होतीत!” काका म्हणाले.

“मला वाटलं हाच नेतोय. याच्याशी कशाला बोलू?” गट्टूने नाक फेंदारलं. “आणि त्याला विचारा, त्या जिन्यावर मी ‘धरलं?’ विचारलं तेव्हा त्याने धरलं होतं का?”

मालकीणबाई आणि काका शिडीकडे वळले. आत्तापर्यंत शिडीने ‘कपाट घसरलं’ एवढंच सांगितलं होतं. कसं घसरलं ते गिळून टाकलं होतं. आता त्याने मान खाली घातली.

“नव्हतं धरलं,” तो म्हणाला. “नाक खाजत होतं. एक हात सोडून खाजवत होतो, आणि ‘धरलं’ म्हणालो. चौदा वर्षांत पहिल्यांदा खोटं म्हणालो, गट्टू. चुकलो रे मी.”

“त्याला सांगा, ऐकलं,” गट्टू काकांना म्हणाला.

तेवढ्यात बाहेर लॉरीचा हॉर्न वाजला. लॉरीवाला एकटाच आला होता, माल चढवायला माणसं तुमचीच म्हणाला. मालकीणबाईंनी फुटक्या कपाटाकडे बघून उसासा सोडला. “हे राहू दे इथेच. माझ्या बिनखणाच्या टेबलाला बिनपाठीचं कपाट शोभेल. उरलेली आठ तुम्ही दोघं चढवा, म्हणजे फिट्टंफाट.”

गट्टू पहिल्या कपाटाच्या एका टोकाला गेला, शिडी दुसऱ्या. लॉरीला लावलेल्या तिरक्या फळीवर गट्टू खालच्या बाजूला, शिडी वर. अगदी जिन्यावर होते तसेच.

“धरलं?” गट्टूने विचारलं. मग घाईने म्हणाला, “कपाटाला विचारलं मी.”

शिडीने आपल्या हातांकडे बघितलं. उजव्याची पाचही बोटं घट्ट होती. डाव्याची तीनच लागली होती. सुजलेलं मनगट वळत नव्हतं. लॉरीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. ‘धरलं’ म्हणून टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

“नाही,” शिडी म्हणाला. “नाही धरलं. मनगट दुखतंय.”

गट्टूने मान वर करून प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं, त्या टेंगळाकडे, त्या रक्ताकडे. “मग नीट धर,” तो म्हणाला. “थांबलोय मी. वाजवू दे त्याला काय वाजवायचं ते.”

“अहो, बोलले की हे तुमच्याशी!” काका टाळी वाजवून म्हणाले. “आता यांचं नाव काय ठेवायचं?”

शिडीने हात सरकवला आणि एकेक करून दहाही बोटं लावली. त्याचे डोळे भरून आले होते. एक थेंब नाकाच्या कडेने हळूहळू खाली उतरला आणि नाक असं काही खाजायला लागलं की बस. शिडीने ते खाजू दिलं.

“धरलं,” तो म्हणाला.