राब कुठून पेटवायचा

वरच्या ठाकरवाडीतली सावित्रा रोज कामावर जाताना कोंडाजीच्या बांधावर थांबायची. भाताची रोपं काढायच्या वाफ्यातली चिमूटभर माती उचलायची, बोटांत चोळायची आणि इकडंतिकडं बघत निघून जायची. कोंडाजी गोठ्याआडून हे सगळं टिपत होता. सलग दोन वर्षं त्या वाफ्यात रोपांपेक्षा तणच माजलं होतं, आणि वडिलांच्या वेळचं बियाणं आता जेमतेम एका पेरणीपुरतं उरलं होतं.

"हीच कायतरी टाकतीय," तो बायकोला म्हणाला.

"मग इचारा की तिला! मूग गिळून काय बसलाय?" बयाबाई म्हणाली.

पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं. भाताचं काही अडलं की गाव त्याच्याकडं यायचं.

राब भाजायच्या दिवशी त्यानं वाफ्यावर शेण, पाला, गवत रचलं, वर मातीचा थर दिला आणि नेहमीप्रमाणे उगवतीच्या कडेला काडी ओढायला वाकला. सावित्रा बांधावर उभीच.

"काय गं, काय टाकतीस माझ्या वाफ्यात?"

ती दचकली, मग हसली. "टाकती कशाला आबा? बघती. तुमचा नुसता पाला जळतो, खालची माती कच्चीच ऱ्हाती. मग तणाचं बी मरंल कसं?"

"मला शिकवतीस? बापापासनं हितनंच लावतो. वारं समोरनं येतं, आग सावकाश सरकती."

"व्हय, पर तवा ती भिंत कुटं हुती?"

मावळतीला बंगलेवाल्यांची उंच भिंत होती, तीन वर्षांपूर्वीची. कोंडाजीनं मूठभर धूळ सोडली. एरवी ती समोरून अंगावर यायची, आज पाठीकडून भिंतीकडं गेली. हिनंच काही केलं की काय, म्हणून त्यानं पुन्हा सोडली. पुन्हा तेच. भिंतीवरून आलेलं वारं खाली उलटं फिरत होतं.

"मग... तिकडनं लावू?" त्याचे कान तापले.

"मलाबी पक्कं न्हाई, आबा. अर्धं तिकडनं लावून बघा."

मधे चर काढून त्यानं दोन्हीकडून पेटवलं. उगवतीकडचा भाग भराभरा जळून गेला. मावळतीकडचा दिवसभर धुमसत राहिला.

संध्याकाळी सावित्रा परतली तेव्हा तो वाफ्यात उकिडवा बसला होता. पहिल्या भागात बोटभर खाली माती गार होती. दुसऱ्यात बोट टेकवेना. बियाणं कुठं पेरायचं ते ठरलं.

"सावित्रा, बस जरा," तो म्हणाला. "आणखी काय काय बघितलंस माझ्या रानात?"