पोटावरचा नंबर

“ओ चाचा! काँच को हाथ मत लगाओ!”

पहारेकरी ओरडत आला तेव्हा कडुबा कपाटाच्या काचेवर तोंडानं वाफ सोडत होता आणि कुणाच्या तरी पंजाचा डाग खांद्यावरच्या रुमालानं पुसत होता. दिल्लीतलं एवढं मोठं संग्रहालय, त्यात रविवारची गर्दी. करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पप्पा, तुमी पाव्हणे हाय इथं! रिटायर झालात ना?”

“डाग होता,” कडुबा म्हणाला, जणू तेवढं पुरेसं होतं.

पस्तीस वर्षं त्यानं संभाजीनगरच्या एका जुन्या संग्रहालयात शिपायाची नोकरी केली. कालचा अख्खा दिवस दोघं दिल्ली फिरत होते. बाबासाहेबांच्या स्मारकात तो तासभर बसला. युद्धस्मारकात भिंतीवरची नावं वाचत फिरला, पण हात सगळा वेळ पाठीमागं बांधलेले. दुपारची सचखंड एक्सप्रेस पकडून परत निघायचं होतं आणि ज्याच्यासाठी आले होते ते आत्ता समोर होतं. वीतभर उंचीचा, एक सुळा तुटलेला, पैठणच्या मातीतून निघालेला मातीचा हत्ती.

हा हत्ती चार वर्षांपूर्वी त्यांच्याच संग्रहालयातून दिल्लीला आलेला. त्याच्या पोटावर कडुबाचं अक्षर होतं. निदान कडुबा तसं सांगायचा. त्याचं वळणदार अक्षर बघून तात्यासाहेब नावाच्या अधिकाऱ्यानं प्रत्येक वस्तूवर नंबर घालायचं काम त्याला दिलेलं. आधी पांढऱ्या रंगाची बोटभर पट्टी, ती वाळली की काळ्या शाईनं बारीक नंबर, वरून वार्निश. तीन हजारांवर वस्तू त्यानं अशा लिहिल्या.

निरोप समारंभाच्या जेवणात करुणाचा मामा अभय सगळ्यांपुढं म्हणाला, “दाजी, पस्तीस वर्षं धूळ झटकली. मागं काय ऱ्हायलं तुमचं?”

“दिल्लीत माझं अक्षर हाय,” कडुबा म्हणाला.

पंगत खो खो हसली. करुणानं हातातली आमटीची वाटी मामाच्या ताटात आदळली आणि उठून गेली. तिचं डोकं असंच. दहावीत मास्तरशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच, आता औरंगपुऱ्यात मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाइकांशी भांडायची. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिचाही बापावर पुरता विश्वास नव्हता. म्हणून तर तिकिटं तिनं काढली. एकदा डोळ्यांनी बघू, नाहीतर विषय सोडू.

आता हत्ती चार पायांवर उभा, पोट खाली. दिसणार कसं?

“भैया, इस हाथी के पेट पे मेरे पप्पा ने लिखेला है,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “जरा उलटा करके दिखाओ ना.”

“मॅडम, मैंने खुद इसको आज तक छुआ नहीं. और चाचा ने लिखा? ये दो हजार साल पुराना है.”

शेजारच्या दोन बाया फिस्सकन हसल्या. करुणाच्या कानशिलापर्यंत आग गेली. ती काही बोलणार तेवढ्यात तिच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. कपाट खालपासून वरपर्यंत काचेचं होतं, आणि हत्ती ज्या फळीवर उभा होता तीसुद्धा काचेचीच.

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ फरशीवर उताणी झाली.

“अरे! उठो, उठो!” पहारेकरी धावला.

करुणाला ऐकूच गेलं नाही. पोटाखाली पांढरी पट्टी होती. पट्टीवर ९४/३१२. आणि तो नऊ, मान तिरकी करून कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. दर जूनमध्ये तिच्या वह्यांवर हजेरी नंबर टाकताना बाप हाच नऊ काढायचा.

“पप्पा,” ती खालूनच ओरडली. “हाय. तुमचंच हाय!”

पहारेकऱ्यानं तिच्याकडं बघितलं, कडुबाकडं बघितलं. मग इकडंतिकडं बघत स्वतःच गुडघ्यावर टेकला आणि मान वाकडी करून खाली डोकावला.

“चाचा... सच में आपने?”

“नंबर लिख्या,” कडुबा म्हणाला. “हत्ती दुसऱ्याने बनाया.”

त्या दोन बायाही आता वाकून बघू लागल्या. करुणानं मोबाईल काढला. “थांबा पप्पा, फोटूच पाठवते मामाला. बघू आता काय बोलतो!”

“नको.”

“का नको? लोक हसले तुमाला!”

“हसू दे.” कडुबा खाली वाकला नव्हता, वाकणारही नव्हता. “पोरी, नंबर पोटावर का लिवायचा म्हाईत हाय? बघणाऱ्याला दिसू नाय म्हणून. लोक हत्ती बघाया येत्यात. माझा नंबर दिसला तर काम चुकलं माझं.”

करुणा उठून बसली. मामाला द्यायची उत्तरं तोंडाशी आली होती, एक से एक. तिनं ती गिळली आणि मोबाईल पिशवीत टाकला.

“वार्निश पिवळं पडलंय का?” बापानं हळूच विचारलं.

तिनं पुन्हा आडवं होऊन नीट बघितलं. “नाय. काचंवानी हाय.”

कडुबानं मान हलवली.

तेवढ्यात शाळेची सहल आत घुसली, पन्नास-साठ पोरं, किलबिल करत कपाटाकडं सुटली. पहारेकरी शिट्टी तोंडात घालायच्या आत कडुबानं करुणाला हात देऊन उठवलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून तो भिंतीला लागून उभा राहिला, पोरांना हत्ती दिसावा म्हणून.