तेलात परतलेलं दगडफूल

कस्तुरीची बाळंतपणाची रजा संपली होती. कॉलेजातली जागा परत मिळायची तर आज दोघा ज्येष्ठ प्राध्यापकांसमोर पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय होता विषारी बेडूक आणि दगडफूल, त्यांचं वर्गीकरण आणि संवर्धन.

उर्वी झाल्यापासून कस्तुरीला आतून काही जाणवेनासं झालं होतं. लेकीचं न्हाऊ-माखू नीट व्हायचं. हात करायचे, ती लांबून बघायची. पाठही तसाच सुरू झाला. शिकवणं हिंदीत, पण वासुदेव सर आणि इंदुमती मॅडम दोघंही इंदूरचे मराठी, म्हणून मधले टोमणे मराठीत.

कस्तुरी सांगू लागली, "बेडकाचं सोपं आहे. एक प्राणी, एक कुळ. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. नाव मात्र बुरशीचं लागतं."

"आमच्या घरासारखंच की," मॅडम म्हणाल्या.

"काचेच्या पेटीत बेडूक जगतो, पण विष जातं. ते जंगलातल्या मुंग्या खाऊन येतं. म्हणजे जंगलच राखायला हवं. दगडफुलाला तर पेटीही नाही. बहुतेक जाती धोक्यात आहेत का, याची अजून कोणी साधी चौकशी केलेली नाही."

सरांनी तिने आणलेला नमुना उचलला. "जरा पाणी टाक. हिरवं होतं ना हे?"

तिने टाकलं. थेंब घरंगळले. बोटांना तेल लागलं. सासूबाईंनी कालच गोड्या मसाल्यासाठी परतून ठेवलेलं, आणि सकाळच्या घाईत तिने तोच डबा उघडला होता.

"मॅडमजी, हे तर आमटीत जायला तयार आहे," सर इंदुमती मॅडमकडे बघून हसले.

लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. "परतलेलं आहे, सर. मेलंय ते. जिवंत बाहेर दाखवते."

रस्त्याकडची झाडं कोरडी, धुरकट, खोडांवर दगडफुलाचा मागमूस नाही. ग्रंथालयामागच्या आंब्यावर मात्र नखाएवढा करडा ठिपका सापडला. तिने बाटलीतलं पाणी सोडलं. तिघं वाकून बघत राहिले. ठिपका हळूहळू हिरवा झाला.

"सोमवारपासून ये," सर म्हणाले आणि निघून गेले.

"खूश ना गं?" मॅडमनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. असंच म्हणायचं असतं.

उर्वीच्या दुधाची वेळ टळून गेली होती. कुर्ता पुढून भिजला होता, हे तिला कळलंच नव्हतं. मॅडमनी स्वतःची ओढणी काढून तिच्या खांद्यांवरून पुढे ओढली.